वाचकांचे प्रश्न : दुकान आणि घर यांच्यामधला आडोसा

अमेरिकेत व्यापारी जागेची हद्द राहत्या घराला लागते तिथे मध्ये काय असायला हवं, हे शहराची किंवा काउंटीची (जिल्ह्यासारखा विभाग) झोनिंग नियमावली, म्हणजे कोणती जागा कशासाठी वापरायची याचे स्थानिक नियम, ठरवते. सगळ्या देशाला लागू होणारा एकच कायदा नाही. त्यामुळे खाली दिलेले आकडे अनेक नियमावल्यांत आढळणारे आहेत. अर्जात किंवा तक्रारीत लिहायचा आकडा मात्र तुमच्या गावच्या नियमावलीतूनच घ्यायचा. प्रश्नांमध्ये तीन गोष्टींची सारखी गल्लत झालेली दिसली, म्हणून आधी तेवढं सांगतो. सेटबॅक म्हणजे इमारत हद्दीपासून किती लांब हवी ते अंतर. बफर म्हणजे हद्दीलगत राखून ठेवलेली, बहुधा झाडं लावायची पट्टी. आणि आडोसा म्हणजे नजर, उजेड आणि थोडाफार आवाज अडवणारी वस्तू: भिंत, कुंपण, हिरवी रांग किंवा मातीचा बांध. सेटबॅक पूर्ण आहे म्हणून आडोसा माफ होत नाही.

प्रश्न : आमच्या घरामागच्या रिकाम्या जागेवर दुकानांची रांग होणार असल्याची पाटी लागली आहे. शहराकडून सुनावणीचं पत्रही आलं. तिथे जाऊन नेमकं काय मागायचं? बिल्डर म्हणतो, ‘सहा फुटी कुंपण घालून देतो, काळजी करू नका.’

उत्तर : सुनावणी कशाची आहे ते पत्रात बघा. जागा आधीपासूनच व्यापारी झोनमध्ये असेल आणि फक्त साइट प्लॅनची मंजुरी असेल, तर नियमात बसणारा आराखडा शहराला मंजूर करावाच लागतो. तिथे तुमचं बोलणं ‘नियम पाळला आहे की नाही’ एवढ्यापुरतंच ठेवा. झोन बदलायचा अर्ज असेल, सशर्त वापराचा परवाना असेल किंवा प्लॅन्ड युनिट डेव्हलपमेंट (सगळ्या जागेचा मिळून खास मंजुरीचा आराखडा) असेल, तर मंडळ नियमापेक्षा कडक अटी घालू शकतं. तिथे मागणी करायला भरपूर वाव असतो.

सुनावणीच्या आधी प्लॅनिंग खात्यातून अर्जाची फाइल मागवा. ती सार्वजनिक असते, अनेक शहरं ती ऑनलाइनच ठेवतात. फाइलमध्ये चार नकाशे शोधा: साइट प्लॅन, लँडस्केप प्लॅन, ग्रेडिंग प्लॅन (जमिनीच्या पातळ्यांचा) आणि फोटोमेट्रिक प्लॅन (दिव्यांचा उजेड कुठे किती पडेल त्याचा). लोक पहिले दोन बघतात आणि समाधानानं परत येतात. खरी मेख तिसऱ्यात असते.

ग्रेडिंग प्लॅनवर पार्किंग लॉटची तयार पातळी आणि तुमच्या परसाची पातळी यांचे आकडे लिहिलेले असतात. समजा लॉट तुमच्या अंगणापेक्षा ४ फूट उंच भरला जाणार आहे आणि सहा फुटी कुंपण हद्दीवर, म्हणजे तुमच्या पातळीवर उभं राहणार आहे. तुमच्या बाजूनं ते ६ फूट दिसेल. लॉटच्या बाजूनं मात्र त्याचे २ फूटच, म्हणजे २४ इंच वर असतील. गाड्यांचे हेडलॅम्प जमिनीपासून २२ ते ५४ इंचांच्या दरम्यान बसवावे लागतात, तसा केंद्राचा वाहनसुरक्षा नियमच आहे. म्हणजे जवळपास प्रत्येक गाडीचा उजेड त्या कुंपणावरून थेट तुमच्या खिडकीत. कागदावर ‘६ फूट’ ही अट तंतोतंत पाळलेली असते, तरीही!

म्हणून पहिली मागणी उंचीची नसून उंची कुठून मोजायची याची करा: ‘आडोशाची उंची दोन्हींपैकी जी जमीन उंच असेल तिथून मोजावी.’ काही नियमावल्यांत हे वाक्य असतं, बऱ्याच ठिकाणी नसतं. नसेल तर अट म्हणून घालून घ्या. कुंपण खाली हद्दीवर घालण्याऐवजी भरावाच्या वरच्या काठावर सरकवलं तरी तेवढ्याच खर्चात काम होतं. बिल्डरही याला सहसा नाही म्हणत नाही. फक्त मग कुंपण आणि हद्द यांच्यामधल्या उताराची देखभाल कोणाची, हे तिथेच लिहून घ्या.

बाकीच्या मागण्या अशा. आडोसा दुकानांना वापराचा दाखला मिळण्याआधी पूर्ण व्हावा. शक्य असेल तर मुख्य बांधकामाच्या आधी, म्हणजे बांधकामाच्या धुळीपासूनही सुटका. हिवाळ्यामुळे झाडं तेव्हा लावता येणार नसतील तर त्या खर्चाच्या सव्वापट रकमेची हमी शहराकडे ठेवावी. माल उतरवण्याची जागा घरांच्या बाजूला नको, आणि ते जमत नसेल तर तिथल्या वेळा ठरवून द्याव्यात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, यातली प्रत्येक गोष्ट मंजुरीच्या ठरावात क्रमांक घालून लिहिली जावी. बिल्डरनं सभेत तोंडी दिलेला शब्द जागा विकली गेली की संपतो. ठरावातली अट जागेला चिकटते, नवा मालक आला तरी.

प्रश्न : आम्ही एक जुनं गॅस स्टेशन (पेट्रोल पंप) विकत घेतलं. मागच्या बाजूला घरं आहेत आणि मध्ये साधं जाळीचं कुंपण. आता दुकानाचा भाग वाढवायला गेलो तर शहर म्हणतं, १५ फूट रुंद बफर आणि भिंत हवी. आधीच्या मालकाला इतकी वर्षं कोणी काही म्हटलं नाही. हे आम्हालाच का?

उत्तर : आधीच्या मालकाचं बांधकाम नियम येण्याआधीचं असावं. अशा जागेला ‘कायदेशीर पण नियमाबाहेरची’ असा दर्जा मिळतो आणि ती आहे तशी चालू ठेवता येते. विक्रीनं हा दर्जा जात नाही, तुमच्याकडेही तो आला आहे. पण वाढ केली, वापर बदलला किंवा पार्किंग वाढवलं की नवे नियम लागू होतात. बरीच शहरं यासाठी उंबरठा ठेवतात, उदाहरणार्थ मूळ क्षेत्रफळाच्या २५ किंवा ५० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ. तुमची वाढ त्या आकड्याच्या जवळपास असेल तर आर्किटेक्टला आकडेमोड पुन्हा करायला सांगा. थोडी जागा कमी करून उंबरठ्याच्या आत राहणं पूर्ण बफर बांधण्यापेक्षा स्वस्त पडू शकतं. मात्र आधीच्या वाढी त्यात धरल्या जातात का, ते तपासा. टप्प्याटप्प्यानं वाढवून नियम चुकवता येऊ नये म्हणून अनेक ठिकाणी सगळ्या वाढींची बेरीज धरतात.

‘माझ्या जागेत शहर मला सांगणार कोण’ हा मुद्दा मांडून उपयोग नाही. ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९२६ सालीच झोनिंग वैध ठरवलं. एखादी गोष्ट स्वतः वाईट नसली तरी चुकीच्या जागी असल्यानं उपद्रव ठरू शकते, जसं डुक्कर गोठ्याऐवजी दिवाणखान्यात, असं त्या निकालपत्रात म्हटलं आहे. गॅस स्टेशनवाल्यांना हे वाचून आनंद होणार नाही, पण कायदा तसा आहे.

जागाच कमी पडत असेल तर दोन वाटा आहेत. पहिली पर्यायी लँडस्केप आराखड्याची. रुंदी कमी आणि त्या बदल्यात आडोसा जास्त भक्कम, जसं १५ फुटांच्या हिरव्या पट्टीऐवजी ६ ते ८ फुटांची पक्की भिंत आणि तिच्यापुढे ५ फुटांची झाडांची पट्टी. अनेक नियमावल्यांत ही मुभा लिहिलेलीच असते आणि प्लॅनिंग संचालक ती कार्यालयीन पातळीवर देऊ शकतात. आधी हे विचारा.

दुसरी वाट म्हणजे व्हेरियन्स, एखाद्या जागेपुरती नियमातून दिलेली सूट. त्यासाठी अपील मंडळापुढे सुनावणी होते आणि शेजाऱ्यांना नोटिसा जातात, अनेक ठिकाणी २०० ते ५०० फुटांच्या आतल्या सगळ्यांना. इथे अर्ज फेटाळले जातात ते बहुधा एकाच कारणानं: अर्जदार खर्चाचं रडगाणं गातो. ‘परवडत नाही’ ही अडचण मानली जात नाही. जमिनीतच काही वेगळं असावं लागतं, जसं त्रिकोणी प्लॉट, मधून जाणारी गटाराची लाइन, तीव्र उतार. शिवाय ती अडचण तुम्ही स्वतः निर्माण केलेली नसावी. मोठा आराखडा काढून मग जागा उरली नाही म्हणणं, हे स्वतः ओढवून घेतलेल्यात मोडतं.

शेजाऱ्यांचं ‘आमची हरकत नाही’ असं पत्र जोडलंत तर सुनावणीत नक्की मदत होते. पण ते पत्र म्हणजे नियमातून सूट नव्हे. झाडं शेजाऱ्याच्या बाजूला लावून जागा वाचवायची कल्पना काही शहरं मान्य करतात, तीही ईझमेंटचा, म्हणजे दुसऱ्याची जागा ठरावीक कामासाठी वापरायच्या हक्काचा, दस्त नोंदवला तरच.

प्रश्न : १२० फूट हद्दीवर सदाहरित झाडांचा सलग पडदा हवा, लावताना ६ फूट उंच आणि ३ वर्षांत अपारदर्शक, अशी आमच्या क्लिनिकला अट आहे. झाडं किती, कोणती, आणि लावताना काय सांभाळायचं?

उत्तर : संख्या झाडावर ठरते. ‘ग्रीन जायंट’ आर्बरव्हायटी (थुजा वर्गातलं सदाहरित झाड) पडद्यासाठी ५ ते ६ फुटांवर लावतात. दोन्ही टोकांना ३-३ फूट सोडून ६ फुटांवर लावलीत तर १२० फुटांत २० झाडं. चांगल्या जमिनीत ती वर्षाला ३ फुटांपर्यंत वाढतात, म्हणून ३ वर्षांची मुदत गाठायला सोपी. पण पूर्ण वाढल्यावर त्यांचा घेर १२ फुटांच्या पुढे जातो. पट्टी ५ फूटच रुंद असेल तर हे झाड घेऊ नका, कारण दहा वर्षांनी निम्मं शेजाऱ्याच्या अंगणात आणि निम्मं पार्किंगमध्ये असेल. अरुंद पट्टीत आर्बरव्हायटीचंच ‘एमराल्ड ग्रीन’ बरं: रुंदी ३-४ फूट, उंची १२-१५ फूट. ते ३ फुटांवर लावायचं म्हणजे ४० झाडं लागतील. वाढ हळू असल्यानं सुरुवातीलाच ६ ते ७ फुटी रोपं घ्यावी लागतात. पट्टी १० फुटांच्या वर असेल तर एका रांगेपेक्षा एकाआड एक अशा दोन रांगा चांगल्या. रांगेतलं अंतर ८ फूट धरलं तर दोन्ही मिळून साधारण ३० झाडं. एखादं मेलं तर भोक पडत नाही.

हरणं येत असतील तर एमराल्ड ग्रीन विसरा. हिवाळ्यात ती साडेचार-पाच फुटांपर्यंतचा पाला साफ करतात, म्हणजे नेमका नजरेच्या उंचीचा पडदा जातो. ग्रीन जायंट त्यांना कमी आवडतं. अमेरिकन हॉली, ज्युनिपर, स्प्रूस त्याहून कमी. लेलँड सायप्रस स्वस्त आणि झपाट्यानं वाढणारं म्हणून दक्षिणेकडे सर्रास लावलं जातं, पण दुष्काळानं ताण आला की त्याला सिरिडियम कँकर धरतो. फांदी फांदी करत तपकिरी पडत जातं आणि रोगाला औषध नाही. मध्यपश्चिमेच्या दमट उन्हाळ्यात कोलोराडो ब्लू स्प्रूसच्या सुया खालून गळत जातात, आणि आडोशाला गरज खालच्याच भागाची असते.

एकाच जातीच्या २० झाडांची रांग दिसायला छान, पण रोग आला की सगळी एकदम जाते. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ सापडलेल्या, ॲशची झाडं पोखरणाऱ्या एमराल्ड ॲश बोरर किड्यानं रस्तेच्या रस्ते उजाड केल्यापासून बरीच शहरं जातींचं मिश्रण सक्तीचं करतात. नियमात नसलं तरी दोन-तीन जाती पाच-पाचच्या गटांनी लावा.

उंचीच्या मोजणीत एक बारकावा आहे. नर्सरीच्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे सदाहरित झाड उंचीवर विकतात, सावलीचं झाड खोडाच्या जाडीवर. आणि ती जाडी ४ इंचांपर्यंतच्या झाडाला जमिनीपासून ६ इंचांवर मोजतात. ‘६ फूट’ म्हणजे जमिनीपासून वर ६ फूट, मुळांचा गोळा त्यात धरायचा नाही. पावतीवर उंची लिहून घ्या. तपासणीस आला की ती दाखवता येते.

खणण्याआधी ८११ ला फोन करा, म्हणजे जमिनीखालच्या लाइनींवर रंगीत खुणा करून मिळतात. फुकट असतं, दोन-तीन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. लाल खूण विजेची, पिवळी गॅसची, निळी पिण्याच्या पाण्याची, हिरवी सांडपाण्याची, नारिंगी टेलिफोन-केबलची. मात्र ते मीटरपर्यंतच्याच लाइन दाखवतात. पार्किंगच्या दिव्यांच्या केबली आणि स्प्रिंकलरच्या नळ्या तुमच्या खासगी. त्या शोधायला वेगळा माणूस लावावा लागतो. व्यापारी जागेत फावडं बहुधा याच लाइनींवर बसतं.

खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दोन ते तीन पट रुंद हवा आणि गोळ्याच्या उंचीपेक्षा जराही खोल नको. खोड जिथे मुळांकडे पसरायला लागतं ती जागा जमिनीच्या पातळीवर दिसली पाहिजे. नर्सरीत ती मातीखाली गाडलेली असते, म्हणून वरची माती बोटांनी उकरून शोधा. तारेची टोपली आणि गोणपाट निदान वरच्या तिसऱ्या हिश्शाचं कापून काढा. मल्च (मातीवरचं आच्छादन) २ ते ४ इंच, खोडाला न चिकटवता. खोल लावलेलं झाड पहिल्या वर्षी मरत नाही, तिसऱ्या-चौथ्या वर्षी मरतं. तोवर कंत्राटदाराची एक वर्षाची हमी संपलेली असते.

पाणी पहिले दोन आठवडे रोज, मग बाराव्या आठवड्यापर्यंत दोन-तीन दिवसांआड, पुढे मुळं धरेपर्यंत आठवड्यातून एकदा, आणि जमीन गोठेपर्यंत थांबवायचं नाही. सदाहरित झाडांच्या पानांतून हिवाळ्यातही पाणी उडत राहतं. कोरड्या मुळांनी हिवाळ्यात शिरलेली रांग वसंतात तपकिरी निघते आणि मालक थंडीला दोष देतो. बर्फ उपसणाऱ्या कंत्राटदाराला ढीग कुठे टाकायचा तेही नकाशावर दाखवा. मीठमिश्रित बर्फ झाडांच्या बुंध्यात साठला की पुढच्या वर्षी पुन्हा खरेदी.

प्रश्न : शेजारच्या रेस्टॉरंटच्या छपरावरच्या एअर कंडिशनरचा आवाज रात्रभर येतो. मालक म्हणतो, हद्दीवर झाडं लावून देतो. मान्य करावं का?

उत्तर : दिसण्यासाठी करा, आवाजासाठी नको. फेडरल हायवे प्रशासनाच्या माहितीप्रमाणे २०० फूट रुंदीची दाट झाडी आवाज १० डेसिबलनं, म्हणजे कानाला निम्मा वाटेल इतका, कमी करते. दोन रांगांचा पडदा १० फुटांचा. त्यानं फक्त यंत्र दिसेनासं होईल.

आवाज अडतो तो भरीव, वजनदार आणि फटी नसलेल्या वस्तूनं, आणि तीही यंत्र व कान यांच्यामधली सरळ रेषा तोडत असेल तर. रेषा तुटली की सुमारे ५ डेसिबल कमी होतात. पुढे प्रत्येक ३.३ फूट जादा उंचीला साधारण दीड डेसिबल. त्याच प्रशासनाच्या हिशेबानं वस्तूचं वजन चौरस फुटाला निदान ४ पौंड हवं. पाऊण इंची सीडारची फळी जेमतेम दीड पौंड भरते, आणि वाळली की दोन फळ्यांमध्ये फट पडते ती वेगळीच.

आता तुमच्या घरचं गणित करून बघा. समजा तुमचा कान जमिनीपासून ५ फुटांवर, कुंपण घरापासून ३० फूट, यंत्र कुंपणाच्या पलीकडे ६० फूट आणि त्याचा माथा २० फूट उंच. उंचीतला फरक १५ फूट, एकूण अंतर ९० फूट. कुंपण एक तृतीयांश अंतरावर आहे, म्हणून रेषा तिथे ५ अधिक ५, म्हणजे १० फुटांवरून जाते. सहा किंवा आठ फुटी कुंपण या रेषेला शिवतही नाही, आणि झोपायची खोली वरच्या मजल्यावर असेल तर विषयच संपला. तोच आडोसा छपरावर यंत्रालगत उभा केला तर यंत्रापेक्षा दोन-तीन फूट उंच असला तरी पुरतो.

छपरावरच्या आडोशात एक चूक हमखास होते. यंत्राला खेटून भरीव पत्रे लावले की त्यानं बाहेर टाकलेली गरम हवा परत आत ओढली जाते, यंत्र जास्त वेळ चालतं आणि आवाज उलट वाढतो. उत्पादकानं मोकळं ठेवायला सांगितलेलं अंतर पाळूनच आडोसा उभारायचा. फक्त दिसू नये म्हणून लावलेले झडपांचे पत्रे आवाजाला जवळजवळ उघडेच असतात, त्यामुळे ‘स्क्रीन लावली’ म्हणजे कोणती, ते विचारा.

मालकाशी बोलणी चालू आहेत तर आडोशाच्या आधी साध्या गोष्टी सुचवा. सैल पॅनेल, झिजलेलं बेअरिंग आणि कडक झालेले रबरी पाय यांचा वाटा मोठा असतो. यंत्र बदलायच्या वेळी ते दुप्पट लांब सरकवलं तर मोकळ्या जागेत ६ डेसिबल नुसत्या अंतरानं जातात. तक्रार करायची झाल्यास ती झोनिंगऐवजी शहराच्या आवाजाच्या नियमाखाली करा. त्यात दिवसाची आणि रात्रीची मर्यादा वेगळी असते आणि मोजणी बहुधा तुमच्या हद्दीवर करतात. ‘रात्री ११ ते ५ सतत’ अशी वेळांची नोंद ठेवलीत तर तपासणीस त्या वेळी यायला तयार होतो. नाहीतर तो दुपारी येतो आणि रस्त्याच्या रहदारीत काहीच सापडत नाही.

प्रश्न : मागच्या पार्किंगमध्ये नवे एलईडी दिवे लावल्यापासून मुलांच्या खोलीत पडदे ओढूनही उजेड येतो. याला मर्यादा आहे का?

उत्तर : बहुतेक ठिकाणी आहे. राहत्या घराच्या हद्दीवर अर्धा फूट-कँडल (उजेड मोजायचं एकक) ही मर्यादा खूप नियमावल्यांत दिसते, काही ठिकाणी त्याहूनही कमी. एक फूट-कँडल म्हणजे १०.७६ लक्स. फोनवरचं ॲप तपासणीसाला चालणार नाही. मीटर वापरा, हद्दीवर एकदा आडवा आणि एकदा दिव्याकडे तोंड करून उभा धरा, आणि अमावस्येच्या आसपास मोजा.

पण मोजमाप नियमात बसलं तरी त्रास राहू शकतो. त्रास एकूण उजेडाचा नसून उघड्या दिसणाऱ्या चिप्सच्या चकाकीचा असतो. म्हणून दुसरी अट बघा: दिवा पूर्ण झाकलेला, आडव्या रेषेच्या वर उजेड न टाकणारा असावा. दिवे बदलताना कंत्राटदार पुष्कळदा दिव्याचं डोकं वर तिरकं करतो, म्हणजे उजेड लांब जातो आणि खांब कमी लागतात. ते सपाट करणं हे शिडीवरचं अर्ध्या तासाचं काम आहे. त्यानं भागलं नाही तर घराच्या बाजूला बसवायचं कवच जवळपास प्रत्येक कंपनी त्याच दिव्यासाठी विकते. मालकाला पत्र लिहिताना ‘दिवे बंद करा’ असं न म्हणता ‘डोकं सपाट करा आणि घराच्या बाजूला कवच लावा’ असं लिहा. काम होण्याची शक्यता बरीच वाढते.

प्रश्न : दहा वर्षांपूर्वी दुकानवाल्यांनी लावलेली झाडं आता निम्मी मेली आहेत. ते म्हणतात, ‘आम्ही अट तेव्हाच पूर्ण केली.’

उत्तर : मंजूर लँडस्केप प्लॅन ही कायमची जबाबदारी असते, एकदा लावून हात झटकता येत नाहीत. मेलेलं झाड पुढच्या लागवडीच्या हंगामात बदलायचं, असं नियमावलीत बहुधा स्पष्ट लिहिलेलं असतं.

तक्रार कोड एन्फोर्समेंटकडे (नियम पाळले जातात का ते बघणारं शहराचं खातं) करा आणि तिच्यात चार गोष्टी घाला: मंजूर प्लॅनचा क्रमांक, त्यात त्या हद्दीवर दाखवलेल्या झाडांची संख्या, आज उभी असलेली संख्या आणि तारखेसह फोटो. जुना प्लॅन सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली राज्याच्या नियमाप्रमाणे मागवता येतो. ‘फार वाईट दिसतं’ एवढंच लिहिलेली तक्रार पडून राहते. ‘२४ पैकी ११ झाडं शिल्लक’ असं लिहिलं की तपासणीसाला फक्त मोजायचं असतं.

जुन्या प्लॅनमध्ये ब्रॅडफर्ड पेअर (पानगळीचं शोभेचं झाड) लिहिलेलं असेल तर एक अडचण येईल. या जातीच्या विक्रीवर ओहायोत २०२३ पासून, पेनसिल्व्हेनिया आणि साउथ कॅरोलिनात २०२४ पासून बंदी आहे. तिथे दुकानवाला ‘तेच झाड मिळत नाही’ म्हणून हात वर करू शकतो. पर्यायी जातीची मंजुरी एका पत्रावर मिळते. आडोशासाठी ती सदाहरित जात असावी, हे तुम्ही आधीच सुचवून ठेवा.

प्रश्न : शहरानं दुकानाला भिंत बांधायला लावली. आमचं जुनं लाकडी कुंपण आहेच. आता मध्ये दीड फुटांची बोळ झाली आहे, कचरा आणि उंदीर.

उत्तर : दोन कुंपणांच्या मधली अशी चिंचोळी पट्टी सगळ्यात वाईट. आत माणूस शिरत नाही, म्हणून कोणी साफ करत नाही. भिंतीला धक्का न लावता सुटण्याचा मार्ग म्हणजे भिंतीलगतचं तुमचं कुंपण काढणं आणि दोन्ही टोकांना बाजूची कुंपणं भिंतीला जोडून घेणं. त्याआधी सर्व्हे करून हद्द नेमकी कुठे आहे ते बघा आणि ‘भिंतीची मालकी व दुरुस्ती दुकानाची, तुमच्या बाजूची पट्टी वापरली म्हणून हद्द बदलत नाही’ असा दोन ओळींचा करार नोंदवा. दुकानाचा मालक कुंपण काढायचा खर्च आनंदानं देतो, कारण उंदरांची तक्रार त्याच्याही नावावर येते. भिंत अजून बांधायची असेल तर पायाचा तळ त्या भागातल्या जमीन गोठण्याच्या खोलीखाली जातो का, ते मंजुरीच्या नकाशावर बघून घ्या. मिनेसोटात ही खोली दक्षिणेत ४२ इंच आणि उत्तरेत ६० इंच आहे. उथळ पायाची भिंत दोन हिवाळ्यांत तुमच्याकडे झुकायला लागते.

प्रश्न : डम्पस्टरभोवती (कचऱ्याच्या मोठ्या डब्याभोवती) आडोसा बांधायचा आहे. मापं सांगाल का?

उत्तर : तीन बाजूंना ६ फुटी पक्की भिंत आणि चौथ्या बाजूला अपारदर्शक फाटक, ही सर्वसाधारण अट. ८ घन यार्डांचा डबा उंच असतो, म्हणून काही ठिकाणी ‘डब्यापेक्षा एक फूट उंच’ असंही लिहितात. आधी डबा ठरवा, मग भिंत. पुढून उचलणाऱ्या ट्रकला १२ फूट मोकळं तोंड लागतं. ते मधला खांब न ठेवता द्यायचं. फाटक ९० अंशांच्या पुढे उघडायला हवं आणि उघडं राहण्यासाठी जमिनीत खिट्टी हवी, नाहीतर वाऱ्यानं ते ट्रकवर आपटतं आणि ड्रायव्हर पुढच्या वेळी डबा बाहेरच ठेवून जातो. आतल्या भिंतीपासून थोडं पुढे काँक्रीट भरलेले लोखंडी खांब रोवा, कारण डबा परत ठेवताना तो मागच्या भिंतीवर आदळतो. बरीच पडझड तिथूनच सुरू होते. तळाला आणि ट्रकच्या पुढच्या चाकांखाली काँक्रीटच हवं, डांबर दबतं.

लाकडी आडोसा स्वस्त पडतो, पण अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या आंतरराष्ट्रीय फायर कोडप्रमाणे दीड घन यार्ड किंवा त्याहून मोठा डबा जळाऊ भिंतीपासून, दारं-खिडक्यांपासून आणि जळाऊ छपराच्या वळचणीपासून ५ फुटांच्या आत ठेवता येत नाही. इमारतीला टेकून आडोसा काढायचा विचार असेल तर फायर मार्शलला (अग्निसुरक्षा अधिकाऱ्याला) आधी नकाशा दाखवा. जवळ हायड्रंट (आग विझवायच्या पाण्याचा नळ) असेल तर त्याच्याभोवती ३ फूट मोकळे राहिले पाहिजेत. आडोसा ड्राइव्हवेच्या तोंडाशी येत असेल तर दृष्टित्रिकोणही तपासा: गाडी बाहेर काढताना रस्ता दिसावा म्हणून मोकळ्या ठेवायच्या त्या तिकोनी जागेत साधारण अडीच ते तीन फुटांच्या वर काहीही भरीव चालत नाही, आणि तिथे व्हेरियन्स मिळवायचा प्रयत्नही करू नये.

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनमध्ये राहतो. इथे झोनिंगच नाही म्हणतात. मग आम्ही कोणाकडे जायचं?

उत्तर : झोनिंग नाही हे खरं, पण तुमच्या वसाहतीच्या दस्तांत अटी नोंदवलेल्या असू शकतात. काउंटी क्लर्ककडून प्लॅट (वसाहतीचा नोंदवलेला नकाशा) आणि निर्बंधांची प्रत काढा आणि दोन गोष्टी बघा: त्या अटी शेजारच्या दुकानाच्या प्लॉटलाही लागू आहेत का, आणि त्यांची मुदत संपली आहे का, की त्या आपोआप वाढत जातात. लागू असतील तर घरमालकांची संघटना दावा करू शकते, आणि काही प्रकारच्या अटींसाठी शहराचा कायदा विभागही तक्रार घेतो. लागू नसतील तरी घरालगतच्या बफरचे, आवाजाचे आणि उजेडाचे शहराचे नियम आहेत, शिवाय मालकाशी थेट बोलणं आहेच.